ओठ आणि आवाज जुळत नाहीत, म्हणून भूत शोधू नका!

डोळे पाहतात आणि कान ऐकतात, एवढे आपण शाळेत शिकतो. परंतु पाहिलेले ओठ आणि ऐकलेला शब्द एकाच माणसाचे, एकाच क्षणाचे आहेत हा निवाडा मेंदू करतो. ज्याच्या मेंदूत ही जुळणी वेगळ्या रीतीने होते, त्याला समाज वेडा, झपाटलेला ठरवून मोकळा होतो. या अज्ञानाविरुद्ध आम्हाला आज लिहावयाचे आहे.

नदीच्या पलीकडच्या काठावर कपडे आपटणारी बाई पाहा. हात खाली आलेला आधी दिसतो, आवाज मागाहून येतो. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, आवाज हवेतून सुमारे ३४० मीटर. म्हणजे ३४ मीटरवरचा आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतका उशिरा येतो. एवढा उशीर मेंदू सहसा चालवून घेतो आणि दोन्ही घटना एकच मानतो. या सवलतीच्या मर्यादेला शास्त्रज्ञ काळाची खिडकी म्हणतात.

१९७६ साली इंग्लंडच्या सरे विद्यापीठातील हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरचे ओठ 'गा' म्हणत होते, आवाज मात्र 'बा' असा लावला होता. पाहणाऱ्या बहुतेकांना ऐकू आले 'दा'! डोळे मिटले की पुन्हा 'बा'. कान धडधाकट, डोळेही धडधाकट. तडजोड केली ती मेंदूने. तेव्हा धडधाकट माणसाचे ऐकणेसुद्धा निव्वळ कानाचे नसते.

आता स्वमग्न मुलाकडे वळू. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की, बोलण्याच्या बाबतीत अशा मुलांची काळाची खिडकी बरोबरीच्या मुलांपेक्षा रुंद असते. खिडकी रुंद म्हणजे सोय अधिक, असे नव्हे. कोणता आवाज कोणत्या ओठांचा, हे नेमके ठरत नाही. गोंगाटात आपण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून निम्मे समजून घेतो; तो आधार या मुलांना कमी मिळतो. २०१५ च्या एका अभ्यासात मात्र हा फरक किशोरवयात बराच भरून निघताना दिसला. मग सात वर्षांच्या पोराला 'मंद' म्हणून वर्गाच्या शेवटच्या बाकावर ढकलणारे आम्ही कोण?

स्किझोफ्रेनिया हा वेगळा आजार. तो बहुधा तारुण्यात सुरू होतो, तर स्वमग्नता बालपणापासून असते. पूर्वी दोहोंची गल्लत होत असे. अमेरिकेच्या मनोविकार नियमावलीने त्यांना १९८० साली वेगळे केले. परंतु स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांनाही गोंगाटात ओठांचा आधार कमी मिळतो, असे २००७ च्या संशोधनात आढळले. सगळा आजार एवढ्यानेच उलगडत नाही. पण मूळ मेंदूत आहे, पिंपळावर नाही, एवढे निश्चित.

तरीही वस्तीतला माणूस आधी देवऋषी गाठतो. आईला सांगितले जाते, गेल्या जन्मीचे पाप. हा गतजन्माचा हिशेब बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारला आहे. शिकलेलेही मागे नाहीत. विसाव्या शतकात अमेरिकेतील नामांकित तज्ज्ञांनी स्वमग्नतेचा दोष 'थंड' आईच्या माथी मारला; तोही खोटा ठरला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांना पळताही आले नाही. हा कोणता इलाज?

कायदा आज पाठीशी आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि मानसिक आजार दोन्ही आहेत. प्रमाणपत्र घ्या, हक्क मागा. स्किझोफ्रेनियावर औषध आहे. ते डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. स्वमग्नतेला गोळी नव्हे, प्रशिक्षण आणि सोबत लागते. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवा.

घरात एका वेळी एकानेच बोलावे, सावकाश बोलावे, टीव्ही बंद ठेवावा. 'माझ्या डोळ्यांत बघ' म्हणून मुलाला दरडावू नये. आणि एक कटू गोष्ट आमच्या माणसांनाच सांगतो. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर एखादे मूल कान दाबून किंचाळते, तेव्हा ते हट्टी नसते; तो आवाज त्याला खरोखर सोसवत नसतो. ज्या महामानवाने माणसाला माणूस म्हणून उभे केले, त्यांच्या जयंतीतून एक लेकरू घाबरून पळत असेल, तर आवाज कमी करण्याची जबाबदारी आमची आहे.