मागची दोन चाकं की चारही?

नव्या क्रेटाच्या पैशात आठ-दहा वर्षांची बीएमडब्ल्यू 320डी मिळते हे कळल्यापासून नागपूरच्या सदर, सिव्हिल लाइन्स, धरमपेठेतल्या अनेकांचं मन वापरलेल्या सेडानकडे ओढ घेऊ लागलं आहे. किमतीची घासाघीस अडली की विकणारा हुकमी पान टाकतो, "फोर व्हील ड्राइव्ह आहे नं भाऊ!" घेणारा तिथेच विरघळतो. खरं तर नागपूरकराने त्या क्षणी भाव पाडून मागायला हवा.

इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना मिळते, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. भारतात विकली गेलेली मर्सिडीज सी-क्लास (काही एएमजी सोडल्यास), जॅग्वार एक्सई आणि बहुतेक 3 सिरीज मागच्या चाकांवर चालतात. 2016 नंतरची ऑडी ए4 पुढच्या चाकांवर. 'ऑडी म्हणजे क्वाट्रो', म्हणजे चारही चाकांना ताकद, हे समीकरण 1980 पासून डोक्यात बसलेलं असलं, तरी आपल्याकडच्या बहुसंख्य ए4 क्वाट्रो नाहीतच. त्याआधीच्या पिढीतली 3.0 टीडीआय क्वाट्रो होती. त्याच पिढीच्या पुढच्या चाकांवरच्या डिझेल ए4 मध्ये मात्र मल्टिट्रॉनिक हा सीव्हीटी गिअरबॉक्स यायचा. पुढे ऑडीने तो बंदच केला. जुनी ए4 बघायला गेलात तर ड्राइव्ह कुठली आणि गिअरबॉक्स कुठला हे आधी विचारा, रंग आणि सनरूफ नंतर.

मागच्या चाकांची गंमत वळणावर कळते. संत्र्यांचा हातठेला मागून ढकलताना पुढची चाकं फक्त दिशा धरतात, तसंच इथे. वळवण्याचं आणि ओढण्याचं ओझं एकाच जोडीवर पडत नाही, म्हणून स्टीअरिंग मोकळं, नेमकं लागतं. पुढच्या चाकांच्या ए4 मध्ये ही मजा कमी. पण मागे जाणारा लांब शाफ्ट नसल्याने दुरुस्तीच्या जागाही कमी. मुलांना शाळेत सोडून ऑफिसला जायचं असेल तर तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

चारही चाकांची यंत्रणा बर्फाच्या देशात वाढली. आपल्याकडे बर्फ नाही, घाट म्हटला तर चिखलदऱ्याचा. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ताशी 120, तिथे क्वाट्रोचा फायदा जाणवणारही नाही. पावसाळ्यात निघताना पकड थोडी बरी मिळते, पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबवतो तो टायर. अपवाद बीएमडब्ल्यू एम340आयचा. मार्च 2021 मध्ये आलेल्या या गाडीत 500 न्यूटन मीटरचा जोर आहे. एवढा जोर दोनच चाकांवर टाकला तर निघताना ती सहज घसरू शकतात. तिथे एक्सड्राइव्ह ही बीएमडब्ल्यूची चारही चाकांची यंत्रणा शोभते, आणि ती गाडी आपल्याकडे दुसऱ्या रूपात आलीही नाही.

या यंत्रणेचा खर्च जुन्या गाडीतच डोकं वर काढतो. एक्सड्राइव्हमध्ये ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये क्लचच्या चकत्या असतात. चारही टायर एका जातीचे आणि साधारण सारखे झिजलेले नसतील, तर सरळ रस्त्यावरही त्या चकत्या घासत राहतात. पैसे वाचवायला कुणी दोनच टायर बदलले असतील, तर त्याचं बिल पुढच्या मालकाच्या नावावर फाटतं. त्यामुळे पाहणीची सुरुवात टायरपासून करा. कंपनी, साइज, बाजूवर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष, चारही ठिकाणी वाचा. मग मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. चारही चाकांवर चालणारी गाडी अडखळत, झटके देत फिरली तर ट्रान्सफर केसवर संशय घ्या. पुढून कटकट आवाज आला तर अ‍ॅक्सलचे जॉइंट गेलेत. मागच्या चाकांच्या गाडीत 'डी'मधून 'आर'मध्ये टाकताना धक्का बसला, तर प्रोपेलर शाफ्टचं रबरी कपलिंग किंवा माउंटिंग बघायला सांगा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो त्या शहरात रबर लवकर कडक पडतं.

गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभराचं' आहे, ही थाप ऐकून घ्या, मानू नका. बीएमडब्ल्यूचा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या आसपास तेल बदलायला सांगते. बदलल्याची पावती मागा. डिकीवरच्या 'क्वाट्रो' किंवा 'एक्सड्राइव्ह'च्या अक्षरांवर जाऊ नका, ती बाजारात मिळतात. चॅसी नंबरावरून खरं मॉडेल निघतं.

गाडी दिल्लीची असेल तर स्वस्त का, तेही समजून घ्या. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची तिथली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरली, तेव्हापासून त्या इतर राज्यांकडे वळू लागल्या. तिकडची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि एमएच 31 किंवा 49 चा नंबर, हा खर्च भावात धरा. वयाचंही तसंच. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादकरांनी एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. त्या वयाच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपलेली असते, तेव्हा सौद्याआधी फेरनोंदणी झाली का ते बघा.

सगळं पाहूनही चारही चाकांचीच हवी असेल, तर एक नंबर मोबाइलमध्ये ठेवा, सपाट ट्रॉलीवाल्याचा. अशी गाडी पुढची दोन चाकं उचलून ओढत नेली तर ट्रान्सफर केस वाटेतच जाते, आणि रस्त्यात मदतीला येणारा प्रत्येक क्रेनवाला ते विचारून हूक लावेलच असं नाही.