एसीचा गारवा आणि हवेचे वजन

एसीचे काम खोलीतली उष्णता उचलून घराबाहेर टाकण्याचे. खोलीच्या आत ही उष्णता वाहून आणते ती हवा. पंखा तिला ओढून घेतो, गार कॉइलवरून सोडतो आणि उष्णता तिथे ठेवून ती पुन्हा खोलीत येते. एका फेरीत किती उष्णता हलेल, हे हवेच्या वजनावर ठरते. एक किलो हवा एका अंशाने गार करायची तर तिच्यातून साधारण एक किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पंख्याला मात्र वजनाशी देणेघेणे नसते. ठरावीक वेगाला त्याची पाती जवळपास ठरावीक घनफळ पुढे ढकलतात, मग त्या घनफळातली हवा दाट असो वा विरळ. दुधात पाणी घातले तरी गवळ्याचे माप भरतेच, तसा हा प्रकार आहे.

समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानात एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो भरते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत ३४ घनमीटर हवा मावते. मुंबईत मे महिन्यात पारा ३४ अंशांवर असताना या हवेचे वजन चाळीस किलोच्या आसपास असते. ती २४ अंशांपर्यंत आणायला ४०० किलोज्यूल काढले की पुरे. दीड टनाचा एसी दर सेकंदाला सव्वापाच किलोज्यूल उपसू शकतो. (हा टन बर्फाचा आहे. २००० पौंडांचा अमेरिकी टनभर बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी काढण्याची क्षमता म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॅट.) या हिशेबाने खोली सव्वा मिनिटात गार व्हायला हवी.

तशी ती होत नाही, कारण हवा हा त्या खोलीतला सर्वांत हलका ऐवज. भिंती, वरचा तापलेला स्लॅब, गाद्या आणि कपाटे यांनी दिवसभर साठवलेली उष्णता सारखी हवेत उतरत राहते. शिवाय बाष्प असते. ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा २४ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणताना त्या चाळीस किलोंतून जवळपास ४०० ग्रॅम पाणी निथळावे लागते. बाष्पाचे पाणी होताना भरपूर उष्णता बाहेर पडते. इथे ती हजार किलोज्यूलच्या घरात जाते. म्हणजे हवा गार करण्यापेक्षा ती कोरडी करण्यावर एसीची दुपटीहून जास्त ताकद खर्च होते. दमट हवा अंगाला जड वाटली, तरी त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा ती किंचित हलकीच असते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंहून हलका आहे. एसीला भारी पडते ते तिच्यातले पाणी.

उंच छतामुळे मोठा एसी लागतो, हा समजही याच हिशेबाने तपासता येतो. छत दोन फुटांनी वर गेले तर त्या खोलीत जेमतेम आठ किलो हवा वाढते आणि ती गार करायला काही सेकंद पुरतात. खरा बोजा वाढतो तो भिंतींचे क्षेत्रफळ वाढल्याने. उलट गार हवा दाट असल्याने खाली बसते आणि गरम हवा माणसांच्या डोक्यावर तरंगत राहते, म्हणून उंच खोलीत हे थर न ढवळलेलेच बरे. इनडोअर युनिट भिंतीवर वर बसवतात तेही यासाठीच: गार झोत आपल्या वजनाने खाली उतरतो आणि वरची गरम हवा युनिटमध्ये ओढली जाते.

कॉइलवरून किती हवा जावी, याचा धंद्यातला ठोकताळा दर टनाला मिनिटाला ४०० घनफूट असा आहे. दमट किनारपट्टीवर तो साडेतीनशेपर्यंत उतरवतात. हवा सावकाश गेली की कॉइल जास्त गार राहते आणि पाणी जास्त निथळते. कोरड्या प्रदेशात पाणी काढण्याची गरज थोडी, म्हणून तिथे प्रवाह वाढवलेला चालतो. पण प्रवाह फारच घटला, बहुतेक वेळा धुळीने माखलेल्या फिल्टरमुळे, की कॉइलचे तापमान शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने वाट आणखी अडते, खोली तापते आणि घरात चर्चा सुरू होते ती गॅस संपल्याची. गॅस कमी झाल्यानेही बर्फ धरतो हे खरे, पण आधी जाळी धुऊन पाहणे स्वस्त पडते. विदर्भातल्या कूलरचे गणित निराळे आहे. तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून एकदाच आत घेतो आणि वापरलेली हवा बाहेर जावी लागते. म्हणून त्याला एसीपेक्षा कितीतरी जास्त घनफळ हवा लागते आणि उघडी खिडकीही.

आता घनतेकडे. समुद्रसपाटीपासून वर जावे तसा हवेचा दाब उतरतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात, तापमान तेवढेच धरले तर, हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ असते. ९२० मीटरवरच्या बंगळुरूत हा फरक दहा टक्क्यांच्या आसपास जातो. घरगुती एसीत एवढे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सुमारे २२४० मीटरवरच्या मेक्सिको सिटीत मात्र हवा जवळजवळ पावपट हलकी होते. तिथे पंखा घनफळ तेवढेच देतो, पण कॉइलवरून जाणारे वजन पाऊणपटच राहते. क्षमता तेवढ्याच प्रमाणात घसरत नाही, कारण कॉइल आणखी गार होऊन थोडी भरपाई करते. तरी मोठ्या इमारतींत अभियंत्यांना पंखे मोठे किंवा वेगवान घ्यावे लागतात. वजन भरून काढायला वेग १.३ पट करावा, तर विजेची मागणी वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हवा विरळ असल्याने थोडी सूट मिळूनही पंख्याचा वीजखर्च समुद्रसपाटीच्या १.७ पट होतो.

उष्णतेनेही हवा विरळ होते. २५ अंशांपेक्षा ४५ अंशांची हवा सहा टक्क्यांनी हलकी भरते. तरी चंद्रपूरच्या मे महिन्यात एसी दमतो त्याचा दोष मुख्यतः घनतेला देता येणार नाही. एसीची क्षमता साधारणपणे बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. बाहेरच्या कॉइलमधला गॅस पन्नाशीच्या आसपास तापलेला असला, तर ३५ अंशांच्या हवेशी त्याचे पंधरा अंशांचे अंतर राहते आणि उष्णता झपाट्याने निघून जाते. ४५ अंशांत पाचच अंश उरतात. मग कॉम्प्रेसरला गॅस आणखी दाबून साठीकडे न्यावा लागतो. वीज वाढते, गारवा घटतो.

आउटडोअर युनिटला हवा पुरेशी मिळाली नाही तरीही असेच होते. शहरी इमारतींत ही युनिटे अरुंद डक्टमध्ये, ग्रिल लावलेल्या बाल्कनीत किंवा एकमेकांसमोर बसवलेली असतात. एकाने फेकलेली पन्नास अंशांची हवा दुसरे ओढून घेते, कधी तर आपलीच हवा पुन्हा घेते. बाहेर ३५ अंश असले तरी त्या युनिटपुरता चंद्रपूरचा उन्हाळा सुरू असतो. मागे भिंतीपासून काही इंच आणि पुढे काही फूट मोकळी जागा ठेवली, तर तेच यंत्र कमी विजेत जास्त गारवा देते.