अटलांटिकचे अभिसरण : सहा दशकांचा मागोवा

उष्ण कटिबंधातील उबदार, खारट पाणी अटलांटिक महासागराच्या वरच्या थरातून उत्तरेकडे वाहत जाते, ग्रीनलंडच्या आसपास आपली उष्णता हवेला देऊन थंड व जड होते, खोल बुडते आणि तळाजवळून दक्षिणेकडे परतते. या चक्राला अटलांटिकचे अभिसरण म्हणतात, आणि वायव्य युरोपातील हिवाळे सौम्य राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

हे चक्र बंदही पडू शकते, ही शक्यता १९६१ साली हेन्री स्टॉमेल या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञाने अगदी साध्या गणिताने मांडली. गोड्या पाण्याची भर वाढली की पाण्याची क्षारता आणि तिच्याबरोबर जडपणा घटतो, बुडण्याची क्रिया मंदावते, आणि विशिष्ट मर्यादेपुढे अभिसरण एकाएकी दुसऱ्याच स्थिर अवस्थेत जाते. १९८० च्या दशकात वॉलेस ब्रोकर यांनी या कल्पनेची सांगड सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकभोवती अचानक परतलेल्या थंडीशी घातली, तेव्हा कुठे तिचे गांभीर्य सर्वांना जाणवले.

अखंड मोजणी मात्र फार उशिरा सुरू झाली. १९५७ ते २००४ या काळातील केवळ पाच जहाजी सफरींच्या नोंदींवरून अभिसरण ३० टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला व खळबळ उडाली. परंतु २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, बहामा बेटांपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, तळाशी नांगरलेल्या तारांवर बसवलेल्या उपकरणांनी तापमान, क्षारता व दाब अखंड नोंदवले, तेव्हा एका वर्षातच प्रवाह कित्येक पटींनी कमीजास्त होतो, म्हणजे मोजक्या सफरींवरून घट ठरवता येत नाही, असे आढळले. फ्लोरिडाजवळच्या प्रवाहासाठी तर समुद्रतळावरील जुन्या दूरध्वनी तारेचा उपयोग झाला, कारण खारे पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहताना त्या तारेत विद्युतदाब निर्माण करते आणि तो मोजून प्रवाहाचा वेग काढता येतो. या चिकाटीच्या मोजणीचे मोल कोणत्याही सनसनाटी भाकितापेक्षा अधिक आहे.

तथापि धोका खोटा ठरला, असा याचा अर्थ मुळीच नाही. सारे जग तापत असताना ग्रीनलंडच्या दक्षिणेचा एक पट्टा शतकभरात उलट थंड झाला आहे, आणि अनेक अभ्यासक त्याचा संबंध मंदावलेल्या अभिसरणाशी लावतात. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात अभिसरण क्षीण होण्याची शक्यता फार मोठी आहे. २१०० पूर्वी ते अचानक कोसळणार नाही याविषयीचा विश्वास मात्र मध्यमच आहे. भारतीय वाचकालाही हा प्रश्न परका नाही, कारण गतकाळात उत्तर अटलांटिक गारठला त्या त्या वेळी नैर्ऋत्य मोसमी पाऊसही दुबळा झाल्याच्या खुणा अरबी समुद्राच्या तळगाळात सापडतात.