ध्येय आणि दूरशिक्षण

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली कायद्याने स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य. पहिले कुलगुरू राम ताकवले. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना, नोकरी-शेती सांभाळणाऱ्यांना पुन्हा शिकता यावे, हे त्याचे ध्येय.

पण ध्येय खरे ठरते ते अभ्यासक्रम निवडताना. शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम ठेवला, कृषीचे शिक्षणक्रम काढले, कृषी विज्ञान केंद्र चालवले. हे सारे ध्येयातूनच आलेले दिसते. याउलट, दूरशिक्षणाकडे केवळ शुल्काचे साधन म्हणून पाहिले की मागणी असेल तो अभ्यासक्रम सुरू होतो. मग पुस्तके उशिरा पोचतात, शंका विचारायला कोणी नसते, आणि एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी गळतो. माझ्या मते, ही गळती हीच खरी कसोटी. प्रवेशाचे आकडे नव्हेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार दूरशिक्षण देणाऱ्या संस्थेला अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र ठेवावे लागते. ते कागदापुरते उरू नये. नवा अभ्यासक्रम मंजूर करण्याआधी तिथे काही प्रश्न विचारले जावेत: हा कोणासाठी? त्यांच्या गावाजवळ अभ्यासकेंद्र आहे का? स्वाध्याय तपासून वेळेत परत मिळतील का? उत्तरे मिळेपर्यंत प्रवेश उघडू नयेत.