प्रतिकारशक्ती आणि जीवनसत्त्व ‘अ’

जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडले म्हणजे रातांधळेपणा येतो, ही गोष्ट आता खेडोपाडी ठाऊक झाली आहे. परंतु डोळ्यांत दोष दिसू लागण्यापूर्वीच शरीराची रोगाशी झुंजण्याची शक्ती घटू लागते, हे तितकेसे ध्यानात घेतले जात नाही. घरातील मूल असो की गोठ्यातील वासरू, लस टोचल्यानंतर प्रतिपिंडे तयार करण्याचे काम त्याच्याच शरीराला करावे लागते. त्या कामासाठी हे जीवनसत्त्व आवश्यक आहे.

शरीरातील कार्य

दूध, लोणी, अंडी व मासळी यांतून हे जीवनसत्त्व तयार स्वरूपात मिळते. पालेभाज्या, लाल भोपळा, पपई व आंबा यांत कॅरोटीन असते व त्यापासून शरीर ते बनविते. त्याचा साठा यकृतात होतो. पेशी गरजेप्रमाणे त्याचे रेटिनॉइक आम्ल करतात आणि हे आम्ल पेशीच्या केंद्रकात जाऊन ठराविक जनुकांना चालना देते.

यामुळे दोन प्रकारचे संरक्षण मिळते. पहिले म्हणजे श्वासनलिका व आतडे यांचे अस्तर ओलसर व अखंड राहते. जीवनसत्त्व कमी पडल्यास ते कोरडे व खरखरीत होते आणि जंतूंना वाट मिळते. दुसरे संरक्षण पांढऱ्या पेशींचे. आतड्यालगतच्या लसिका-ग्रंथींत या आम्लाच्या प्रभावाने काही पांढऱ्या पेशींवर विशिष्ट खूण उमटते व त्या रक्तातून फिरून पुन्हा आतड्यातच पहाऱ्यास येतात. प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशीही आतड्याचे रक्षण करणाऱ्या जातीची प्रतिपिंडे अधिक बनवू लागतात.

इंडोनेशियातील एका प्रयोगाचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या ज्या मुलांना आधी त्याची मात्रा देऊन नंतर धनुर्वाताची लस टोचली, त्यांच्यात प्रतिपिंडे अधिक तयार झाली. तमिळनाडूत सुमारे १५ हजार बालकांवर केलेल्या व १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दर आठवड्यास अल्प मात्रा मिळालेल्या मुलांतील मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. सर्वच चाचण्यांत घट एवढी मोठी आढळली नाही. मुळात कमतरता जेथे अधिक, तेथे लाभही अधिक, असा याचा अर्थ आहे.

गोवर आणि बालके

कल्याण तालुक्यातील मोहने हे उल्हास नदीकाठचे गाव आता कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. अशा दाट वस्तीत गोवर झपाट्याने पसरतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव व मोहन्याच्या शेजारची भिवंडी येथे गोवराची साथ आली, तेव्हा लसीबरोबरच जीवनसत्त्व ‘अ’ देण्यावरही भर देण्यात आला. गोवराच्या तापात या जीवनसत्त्वाचा साठा वेगाने खर्च होतो. साठा संपला की न्युमोनिया, अतिसार व डोळ्यांचे विकार बळावतात.

राष्ट्रीय वेळापत्रकानुसार नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीबरोबर १ लाख एककांची मात्रा देतात. पुढे सोळाव्या ते अठराव्या महिन्यात २ लाख व त्यानंतर दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत तेवढीच, अशा एकूण नऊ मात्रा होतात. मोठी मात्रा स्वतःच्या मनाने देऊ नये. गरोदर स्त्रीने ती घेतल्यास गर्भास अपाय होऊ शकतो. भाजीपाल्याच्या नेहमीच्या आहाराने मात्र असा धोका संभवत नाही.

वासरांची काळजी

गाय व म्हैस यांच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत आणि जीवनसत्त्व ‘अ’ही अल्पच जाते. दोन्ही वासराला चिकातून मिळतात. म्हणून जन्मल्यापासून एक-दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा. पहिल्या २४ तासांत वासराच्या वजनाच्या सुमारे एक-दशांश इतका चीक पोटात जावा. त्यानंतर प्रतिपिंडे आतड्यातून रक्तात शिरत नाहीत. खरवसासाठी सर्व चीक काढून घेतल्यास वासरू दोन्ही बाबतींत उघडे पडते. त्याचे पोट भरल्यावर उरेल तोच चीक घरी वापरावा.

ठाणे जिल्ह्यात उन्हाळ्यात जनावरे मुख्यतः भाताच्या पेंढ्यावर असतात. पेंढ्यात कॅरोटीन जवळजवळ नसते. त्यामुळे विण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत गाभण जनावरास थोडी तरी हिरवी मका, हत्तीगवत किंवा लसूणघास द्यावा. गवत वाळवितांना कडक उन्हात फार काळ ठेवू नये. उन्हाने कॅरोटीन नष्ट होते.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. बालकांच्या लसीकरणाची नोंद पाहताना जीवनसत्त्वाची मात्राही तपासावी व राहिलेली असल्यास आरोग्य केंद्राकडे कळवावे.

२. परसात शेवगा, लाल माठ, अळू, पपई व लाल भोपळा यांची लागवड करवावी. सांडपाण्यावर अळू चांगला येतो.

३. पालेभाजीत थोडे तेल असावे, म्हणजे कॅरोटीन अंगी लागते, हे घरोघरी समजावून सांगावे.

४. मूल आजारी असल्यास, विशेषतः गोवर झाल्यास, त्याचा आहार तोडू न देता त्यास विनाविलंब दवाखान्यात पाठवावे.

या उपायांनी लसीची गरज संपत नाही. लस व आहार ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली, तरच त्यांचा पूर्ण उपयोग होतो.