गावातला नाताळ बाजार

जर्मनीतल्या नाताळ बाजारांची ओळख बहुतेकांना न्यूरेंबर्ग किंवा ड्रेस्डेनच्या फोटोंतून होते. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा. त्या वर्षी मिळालेली परवानगी नाताळच्या आदल्या दिवशी, एकच दिवस, मांस विकण्यापुरती होती. उपासाचा काळ सरत आलेला असे आणि सणाच्या जेवणाची तयारी करायची असे. आता मोठ्या शहरांतले बाजार नोव्हेंबरअखेर सुरू होऊन नाताळच्या तोंडापर्यंत चालतात. खेड्यातला बाजार मात्र त्या मूळ रूपाला जवळचा आहे. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात एखादा शनिवार-रविवार, कुठे तर एकच संध्याकाळ. चुकला की वर्षभर थांबायचे.

नोकरीनिमित्त अशा खेड्यात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला सुरुवातीला गाव रिकामेच वाटते. समजा ते चंडीगडहून आलेले असेल, तर तिथे सेक्टरागणिक चालत जाण्याजोगा बाजार आखून दिलेला आहे. सेक्टर १७ चा चौक तर वाहने वगळून पायी फिरणाऱ्यांसाठीच केलेला. तिथून आलेल्याला जर्मन रविवार अंगावर येतो. दुकाने कायद्यानेच बंद, भिंतीला ड्रिल लावायचे नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काच गोळा करण्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला अंधारून येते. मग एका शनिवारी चर्चसमोर लाकडी टपऱ्या उभ्या राहतात आणि इतके दिवस कुठे होती कोण जाणे, अशी माणसे बाहेर पडतात.

टपऱ्यांमागे व्यापारी थोडेच. एकीत अग्निशमन दल, दुसरीत फुटबॉल क्लब, तिसरीत शाळेतले पालक, चौथीत चर्चची गायक मंडळी. लहान गावांत पगारी अग्निशमन दल नसते. सुतार, शिक्षक, बँकेतला कारकून असे गावकरीच इशारा मिळाला की धावतात. देशभरात असे दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक आहेत. सॉसेज विकून आलेला पैसा मंडळाच्या तिजोरीत जातो. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळासारखेच हे, फक्त दारोदार वर्गणी नाही. नवख्याने गावात शिरायचे तर याहून सोपे दार नाही: टपरीवर दोन तास उभे राहायला माणसे नेहमीच हवी असतात.

खाण्यापिण्यात मान ग्लूवाइनचा. लाल वाइनमध्ये दालचिनी, लवंग, संत्रे आणि साखर घालून ती गरम करतात, पण उकळू देत नाहीत. मद्यार्क ७८ अंशांनाच उकळतो. मुलांसाठी फळांच्या रसाचे किंडरपुन्श. जाडजूड मगासाठी दोन-तीन युरो अनामत घेतात, मग परत केला की पैसे परत. किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत थालीपीठच म्हणावे असे राइबेकूखनही मिळते. त्यात बहुधा अंडे असते, तेव्हा शाकाहाऱ्याने विचारून घ्यावे. त्यावर सफरचंदाचा गोड गर वाढतात, जो मराठी जिभेला पहिल्या घासाला तरी चुकल्यासारखा वाटतो.

वस्तूंमध्ये पाहण्याजोगा तो एर्झगेबिर्गे डोंगरभागातला लाकडी पिरॅमिड. खाली मेणबत्त्या, वर तिरप्या पात्यांचे चक्र. तापलेली हवा वर चढून पात्यांना ढकलते आणि मधल्या दांड्याभोवती बसवलेले मेंढपाळ, देवदूत आणि खाणकामगार गोल फिरू लागतात. या भागात चांदीच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या. त्या ओसरल्या तसे लोक लाकूडकामाकडे वळले, खाणकामगार मात्र बाहुल्यांत राहिला.

रविवारी रात्री उरलेले मग गोळा होतात, अनामत चुकती होते, टपऱ्यांच्या फळ्या उतरू लागतात. सोमवारी त्या जागी पुन्हा गाड्या उभ्या असतात.