नंदुरबारच्या रस्त्यांवर स्पोर्ट्स कार: नवी काढावी की जुनी घ्यावी?

उसाचं बिल जमा झालं, पपईला भाव बरा मिळाला किंवा घरातल्या मुलाला पक्की नोकरी लागली, की शहादा-तळोद्याकडच्या घरांत गाडीचा विषय निघतो. वडिलांना सात माणसं बसतील अशी गाडी हवी असते, मुलाला पळणारी. मुलाचं म्हणणं मान्य झालंच तर पुढचा प्रश्न येतो: दहा-बारा लाखांत नवी काढायची, की तेवढ्यात किंवा त्याहून कमी पैशांत जास्त ताकदीची जुनी घ्यायची?

पुण्या-मुंबईत या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा किमतीवर ठरतं. नंदुरबार जिल्ह्यात ते दोन अंतरांवर ठरायला हवं: घरापासून वर्कशॉप किती लांब आहे, आणि आज नव्याने त्या मॉडेलचे भाग बनतात की ते बंद होऊन काही वर्षं झाली आहेत. ही दोन्ही अंतरं कमी असतील तर जुनी गाडी हा उत्तम सौदा आहे. ती वाढली की स्वस्तात मिळालेली गाडी महाग पडते.

या किमतीत ‘स्पोर्ट्स’ म्हणजे काय?

जगात परवडणारी स्पोर्ट्स कार म्हटली की माझ्दाच्या एमएक्स-५ चं नाव घेतात. १९८९ पासून बनत असलेली ही दोन आसनी, उघड्या छताची गाडी दहा लाखांहून जास्त खपली, पण भारतात ती अधिकृतपणे विकली जात नाही. आपल्याकडे १९९८ च्या सुमारास सान मोटर्सने गोव्यात ‘स्टॉर्म’ ही फायबर बॉडीची दोन आसनी गाडी बनवायला घेतली होती. रेनॉचं छोटं इंजिन असलेली ती गाडी बाजारात रुजली नाही.

त्यामुळे आपल्या बजेटमध्ये स्पोर्ट्स कार म्हणजे चार मीटरच्या आतली, टर्बो इंजिनाची हॅचबॅक. २०२१ मध्ये आलेल्या ह्युंदाई आय-२० एन लाइनला १ लिटरचं टर्बो इंजिन आहे आणि ताकद १२० पीएस. २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या टाटा अल्ट्रोझ रेसरचं इंजिन १.२ लिटरचं, ताकद तितकीच. जुन्या बाजारात दोन नावांचे चाहते जास्त, आणि दोन्ही गाड्या पुणे जिल्ह्यात बनलेल्या. चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०२२ मध्ये बंद झाली. रांजणगावची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली, तेव्हा १४५ बीएचपीची ही गाडी शोरूम किमतीला दहा लाखांच्या आत मिळत होती. त्या किमतीत इतकी ताकद देणारी गाडी त्या काळी दुसरी सापडणं कठीण होतं. फियाटनं मात्र पुढे भारतात गाड्या विकणंच थांबवलं.

नव्या गाडीचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर पूर्वी अधिभार धरून २९ टक्के कर होता, तो १८ टक्के झाला. दहा लाखांच्या गाडीमागे हा फरक साधारण पंचाऐंशी हजारांचा होतो.

त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स येतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांमध्ये १२ टक्के. हा टक्का पूर्ण किमतीवर लागतो, म्हणून शोरूम किंमत दहा लाखांच्या रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी पाहावं. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमाही एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो. सगळं धरून शोरूमची दहा लाखांची गाडी घरापर्यंत येते तेव्हा साडेअकरा लाखांच्या पुढे गेलेली असते.

पुढे किंमत घसरते, आणि किती ते विम्याच्या तक्त्यात दिसतं. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पुरं होईतो १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात. टॅक्स आणि विम्यात गेलेले दीड-दोन लाख तर पहिल्याच दिवशी वजा होतात. हे ओझं उचलून नव्या गाडीचा मालक वॉरंटी विकत घेत असतो. टर्बो किंवा ड्युअल क्लच गिअरबॉक्स बिघडला तर खर्च कंपनीचा. वर्कशॉप दूर असलेल्या जिल्ह्यात या हमीची किंमत मोठी आहे.

जुन्या गाडीचा हिशेब

जुनी घेताना ही सगळी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. भाव करताना त्याने गाडी केवढ्याला घेतली होती हे ऐकू नका. तीच गाडी आज, जीएसटी उतरल्यावर, नवी केवढ्याला मिळते ते विचारा आणि घट त्या आकड्यातून वजा करा. २०२३ मध्ये जास्त कर भरून गाडी घेतलेल्या माणसाला आपला भाव पडला असं वाटेल, पण आजचा भाव आजच्या नव्या गाडीवरूनच ठरतो.

कर्जाच्या बाबतीत मात्र फसगत होते. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो. समजा, नव्या गाडीसाठी आठ लाख रुपये ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. जुन्या गाडीसाठी साडेपाच लाखच घेतले, पण १३ टक्क्यांनी, तर पाच वर्षांत व्याज २ लाखांच्या थोडं वर जातं. अडीच लाख कमी उचलूनही बँकेला व्याज तेवढंच! म्हणून जुनी गाडी शक्यतो साठवलेल्या पैशांतून घ्यावी, आणि कर्ज लागलंच तर मुदत तीन वर्षांच्या पुढे नेऊ नये.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीवर ठरत नाही. अर्ध्या किमतीत मिळालेल्या पोलोचा गिअरबॉक्स काही अर्ध्या किमतीत दुरुस्त होत नाही. २०२० पूर्वीच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी होता. त्याचं नियंत्रण करणारं मेकॅट्रॉनिक युनिट हा त्याचा नाजूक भाग. या गिअरबॉक्समधलं तेल बदलून देण्यासाठी कंपनीनं २०१३ मध्ये अनेक देशांतून गाड्या परत बोलावल्या होत्या. उष्ण हवेत, रांगत्या रहदारीत तो तापतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. असं काम निघालं तर सुरत किंवा नाशिकसारखं मोठं शहर गाठावं लागतं. टोइंगचा खर्च, भागाची वाट पाहणं आणि हेलपाटे हे सगळं गाडीच्या किमतीत धरायला हवं. पोलोच घ्यायची असेल तर २०२० नंतरची, १ लिटर इंजिनाची, मॅन्युअल गिअरची शोधावी.

आणखी एक तारीख ध्यानात ठेवा: १ एप्रिल २०२३. त्यानंतर बनलेल्या गाड्यांच्या इंधनप्रणालीतले रबरी आणि धातूचे भाग २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सोसतील असे बनवलेले आहेत. आज पंपावर मिळतं ते मुख्यतः हेच पेट्रोल. त्याआधीची गाडी चालणार नाही असं नाही, पण तिच्या इंधनाच्या नळ्या आणि सील यांवर लक्ष ठेवावं लागेल.

पासिंग कुठलं?

नंदुरबारचं पासिंग एमएच-३९, पण जिल्ह्यात विकायला येणाऱ्या जुन्या गाड्यांत गुजरातच्याही बऱ्याच असतात. त्या स्वस्त दिसण्याचं एक कारण म्हणजे तिथला रोड टॅक्स ६ टक्के, आपला ११-१२. पण गाडी महाराष्ट्रात कायमची आणली की इथला टॅक्स तिच्या वयाच्या हिशेबाने भरावाच लागतो, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबरही घ्यावा लागतो. २८ नंबरच्या फॉर्मवरची एनओसी, २९ आणि ३० नंबरचे हस्तांतराचे फॉर्म आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेने दिलेला ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय टोकनपलीकडे पैसे देऊ नयेत. ‘एनओसी आठवड्यात येते’ या शब्दावर अख्खी रक्कम सोडणाऱ्याची गाडी वर्षभर दुसऱ्याच्या नावावर फिरते.

परिवहनच्या एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की विमा, थकीत चलन आणि कर्जाचा बोजा दिसतो. पूर्वीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, म्हणून विक्रेत्याने दाखवलेला प्रीमियम तुम्हाला लागू होईलच असं नाही. आणि सौदा झाल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यायला विसरू नका.

गाडी पाहताना

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात पाहतो, मग पळवून चाल पाहतो, आणि विकणाऱ्याच्या बोलण्याकडे शेवटी लक्ष देतो. गाडीतही क्रम हाच ठेवावा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. आपण पोहोचण्याआधी ती सुरू केलेली नको. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या पुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचाच. काचांवरचं वर्ष एकमेकांशी जुळतं का पाहा. एकच काच नवी असेल तर ती का बदलली, हे विचारा. बॉनेट आणि दरवाजांच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला असेल तर तो पत्रा एकदा उतरलेला आहे. डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचलून खाली गाळाची रेघ किंवा गंज आहे का बघा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात वडोदऱ्यात कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून झकास दिसते, पण सीटखालची पट्टी आणि वायरिंगचे जोड लपत नाहीत.

टर्बो गाडीत एक प्रश्न हमखास विचारा: रीमॅप केली आहे का? संगणकाची आज्ञावली बदलून ताकद वाढवलेलं इंजिन क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्सवर जास्त ताण टाकतं. ‘नाही’ हे उत्तर ऐकून न थांबता अधिकृत वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासणी करून घ्या. सर्व्हिसच्या नोंदीत तेल वेळेवर बदललेलं नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, परत फिरा.

आपले रस्ते, आपला जीव

शहाद्याहून म्हसावद-राणीपूरमार्गे तोरणमाळ चढताना ही गाडी खरंच आनंद देते. परत उतरताना मात्र परीक्षा ब्रेकची असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत जातं. जुनं झालेलं तेल सलग उतारावर तापून उकळतं आणि पायाखालचं पेडल मऊ पडतं. ते दर दोन वर्षांनी बदलावं, आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये राहावं. तळोदा-धडगाव मार्गावरचा चांदसैली घाट अरुंद आहे, पावसाळ्यात दरडी येतात. गळीत हंगामात अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अचानक समोर येते. तिथे १२० पीएसचा उपयोग नसतो, थांबण्याचा असतो.

म्हणून ताकदीआधी सुरक्षेची तुलना करा. अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. दोन एअरबॅगच्या पोलोला २०१४ मध्ये चार, तर दोन एअरबॅगच्या आय-२० ला २०२२ मध्ये तीन मिळाले होते. २०२३ नंतरच्या आय-२० एन लाइनमध्ये मात्र सहा एअरबॅग आहेत. अबार्थ पुंटोचा तळ जमिनीपासून जेमतेम १५५ मिलिमीटरवर. गावोगावच्या गतिरोधकांवर तो घासणार, हे घेण्याआधी मान्य करावं.

मग काय घ्यावं?

घरात ही एकच गाडी असेल आणि ती दवाखान्यापासून बाजारापर्यंत सगळीकडे जाणार असेल, तर एप्रिल २०२३ नंतरची, दोन-तीन वर्षं वापरलेली, शक्यतो एमएच पासिंगची आय-२० एन लाइन घ्यावी. अल्ट्रोझ रेसरसुद्धा चालेल, तिचे बरेच भाग साध्या अल्ट्रोझचेच आहेत. अशी गाडी सर्व्हिसच्या नोंदींसह मिळत नसेल, किंवा सगळे पैसे कर्जाचेच असतील, तर थोडं थांबून नवी काढावी. पोलो जीटी आणि अबार्थ या मनात भरणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या दुसरी गाडी म्हणून, आणि भागासाठी महिनाभर वाट पाहण्याची तयारी असलेल्यांसाठी.

आणि बजेट आठ लाखांचं असेल तर गाडी सात लाखांचीच बघा. उरलेल्या लाखातून पहिल्याच आठवड्यात चारही टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि इंजिन ऑइल बदला, आणि जे उरेल ते पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. एवढं केल्यावर पैसे पुरत नसतील, तर ती गाडी आपल्याला अजून परवडत नाही असं समजावं आणि आणखी एक हंगाम थांबावं.